स्कायरेडर : जेटच्या काळात टिकलेले पंख्याचे नौदल विमान

दर्यावर्दी

गेल्या महिन्यात विमानवाहू नौकांवरच्या धाग्यात एका सदस्यांनी ओघात लिहिले होते की डग्लस कंपनीचे स्कायरेडर हे विमान केवळ स्वस्त होते आणि भरपूर शिल्लक होते म्हणून व्हिएतनामपर्यंत उडत राहिले. त्या धाग्याला फाटे फुटू नयेत म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो, पण ते विधान डोक्यातून गेले नाही. म्हणून हा स्वतंत्र धागा. माझे म्हणणे असे, की स्कायरेडर टिकले ते लक्ष्याच्या डोक्यावर थांबून राहण्याचा वेळ त्याच्याकडे होता आणि तत्कालीन जेट विमानांकडे तो नव्हता म्हणून. हा वेळ नशिबाने हाती लागलेला नव्हता. आराखडा कागदावर उतरला तेव्हापासून पौंडापौंडाचा हिशेब करून तो कमावलेला होता.

जून 1944 मध्ये डग्लसच्या एल सेगुंडो कारखान्याचे मुख्य अभियंता एड हाइनमन वॉशिंग्टनला अमेरिकी नौदलाच्या बैठकीसाठी गेले होते. मिडवेच्या लढाईत जपानी विमानवाहू नौका बुडवणारे डॉन्टलेस हे त्यांचेच विमान. त्याची जागा घेण्यासाठी डग्लसने बीटीडी डिस्ट्रॉयर नावाचे विमान तयार केले होते, पण ते जड आणि गुंतागुंतीचे झाले होते आणि नौदलाला त्यात रस उरला नव्हता. हाइनमन यांनी भर बैठकीत स्वतःच्याच कंपनीचे ते विमान रद्द करावे आणि उरलेला पैसा नव्या आराखड्यासाठी वापरू द्यावा असे सुचवले. त्यांनी 30 दिवसांची मुदत मागितली. नौदलाने दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंतची दिली. लिओ डेव्हलिन आणि जीन रूट या दोन सहकाऱ्यांना घेऊन ते हॉटेल स्टॅटलरच्या खोलीत बसले आणि रातोरात नव्या विमानाची रेखाटने तयार केली. जुलै 1944 मध्ये 15 नमुना विमानांची मागणी मिळाली, आणि 18 मार्च 1945 रोजी लाव्हर्न ब्राऊन या वैमानिकाने पहिले विमान उडवले. (हे गृहस्थ त्याआधी जॉन ट्रेंट या नावाने चित्रपटांत कामे करत असत. विषयाशी याचा संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

आता हिशेबाकडे येतो. हाइनमन यांच्या चमूने असे गणित मांडले होते की विमानाच्या वजनातले प्रत्येक 100 पौंड कमी झाले, की उड्डाणासाठी लागणारी धाव 8 फुटांनी घटते, लढाऊ पल्ला 22 मैलांनी वाढतो आणि वर चढण्याचा वेग मिनिटाला 18 फुटांनी वाढतो. एकदा हे कोष्टक भिंतीवर लागले, की कारखान्यातल्या प्रत्येक नटबोल्टला आपल्या अस्तित्वाचे कारण द्यावे लागते. पोटातला बॉम्बकक्ष काढून टाकला आणि सगळी शस्त्रे पंखांखाली व पोटाखाली उघड्यावर टांगली. इंधनाची वाटणी अनेक लहान टाक्यांत करण्याऐवजी वैमानिकाच्या मागे एकच मोठी टाकी बसवली, त्यामुळे नळ, पंप आणि झडपांचे जंजाळ गेले. सूर मारताना वेग आवरणारे ब्रेक पंखांवरून काढून धडाच्या मागच्या भागात नेले. डॉन्टलेसच्या काळापासून मागे बसून मशीनगन चालवणारा दुसरा माणूसही गेला, आणि हल्ला विमान एकाच माणसाचे झाले. मूळ अंदाजापेक्षा एकंदर 1,800 पौंडांची बचत झाली असे हाइनमन सांगत. वरचे कोष्टक लावून पाहिले तर नुसत्या धावेतच 144 फूट वाचतात, आणि डेकवर मागे पंख दुमडलेली दहावीस विमाने दाटीवाटीने उभी असताना 144 फूट म्हणजे काय हे नौकेवर काम केलेल्यांनीच सांगावे.

एवढे करून जे विमान उभे राहिले ते दिसायला काही फार देखणे नव्हते. पुढे रुंद वाटोळे 18 सिलिंडरचे इंजिन, त्यावर चार पात्यांचा पंखा, मधोमध बुडबुड्यासारखी काच, सरळ जाड पंख, आणि मागच्या लहान चाकावर टेकलेली शेपटी. पण प्रत्येक पंखाखाली सात आणि पोटाखाली एक अशा 15 जागांवर त्याला बॉम्ब, रॉकेट, टॉर्पेडो, सुरुंग किंवा जादा इंधनटाक्या टांगता येत. नेहमीचा भार 8,000 पौंडांपर्यंतचा, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त, आणि तेही रिकामे वजन साधारण 12,000 पौंड असलेल्या विमानावर. डिसेंबर 1946 मध्ये ते आघाडीच्या तुकड्यांत दाखल झाले, 1957 पर्यंत 3,180 विमाने बांधली गेली, आणि अमेरिकी नौदलाने हल्ल्यासाठी वापरलेल्या शेवटच्या स्कायरेडरला एप्रिल 1968 मध्ये निरोप दिला. त्यामुळे ‘भरपूर शिल्लक होते’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. युद्ध संपताच मूळ मागणी निम्म्यावर आणली गेली होती. नंतर अकरा वर्षे नौदल ते पुन्हा पुन्हा नव्याने मागवत राहिले.

खडूस_वाचक

ते ‘सदस्य’ म्हणजे मीच, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. लेख माहितीपूर्ण आहे, पण वजनाच्या काटकसरीची आरती ओवाळताना तिची किंमत आपण सांगितली नाही. एडी-1 हा पहिला प्रकार नौकांवर गेल्यावर डेकवरच्या आदळत्या उतरणीत पंखांच्या आतल्या भागावर आणि चाकांच्या जोडावर ताण येऊ लागला, आणि पुढच्या प्रकारांत ते भाग बळकट करावे लागले. म्हणजे वाचवलेले काही पौंड मुकाट्याने परत भरावे लागलेच.

दुसरे असे की नौदलाने त्याच वेळी मार्टिन कंपनीचे मॉलर हेही विमान घेतले होते. त्याचे इंजिन मोठे होते आणि 1949 मध्ये त्याने तीन टॉर्पेडो आणि बारा बॉम्ब मिळून 10,000 पौंडांहून अधिक भार उचलून दाखवला होता. मग भार उचलण्यातच मोठेपण असेल तर मॉलर का नाही टिकले?

दर्यावर्दी

एडी-1 बद्दलचा मुद्दा मान्य आहे, आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. मात्र बळकटी आणल्यानंतरही विमान हलकेच राहिले, आणि जागा कमकुवत कुठे आहे हे साध्या रचनेत लवकर सापडते आणि दुरुस्तही लवकर होते.

मॉलरचे उत्तर आपल्याच प्रश्नात आहे. ते उचलत असे भरपूर, पण नौकेवर उतरवणे वैमानिकांना जिकिरीचे जाई आणि देखभाल करणारे मेटाकुटीला येत. दीडशेच्या आसपास बांधून नौदलाने ते 1950 च्या सुमारास राखीव तुकड्यांकडे सोपवले. जत्रेत एकदा बैलगाडी उचलणारा पैलवान आणि रोज शेतात राबणारा गडी यांत नौदलाने गडी निवडला.

इंजिनघर

इंजिनाबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. स्कायरेडरचे राइट आर-3350 हे इंजिन म्हणजे दोन ओळींत नऊ-नऊ सिलिंडर वर्तुळाकार मांडलेले हवेने थंड होणारे यंत्र. एकूण आकारमान सुमारे 55 लिटर, आणि ताकद सुरुवातीला 2,500 व नंतर 2,700 अश्वशक्ती. हेच इंजिन आधी बी-29 बॉम्बफेकी विमानावर होते आणि तिथे ते तापून पेट घेण्यासाठी बदनाम झालेले होते. स्कायरेडरच्या वाट्याला ते आले तोवर त्याचे बरेचसे दोष निस्तरले गेले होते, हे त्या विमानाचे भाग्य. यात हाइनमन यांचे कर्तृत्व नाही, एवढे खडूस_वाचक यांच्या बाजूने म्हणतो.

एवढ्या ताकदीच्या इंजिनाला चार मीटरहून अधिक व्यासाचा पंखा लावला, की पंखा एका बाजूला फिरताना विमानाला विरुद्ध बाजूला पिळवटू पाहतो. वेग चांगला असेल तर सुकाणू आणि पंखांवरच्या झडपा ते सावरतात. पण नौकेवर उतरताना वेग अगदी कमी असतो; अशा वेळी उतरणे रद्द करण्याचा इशारा मिळाला आणि वैमानिकाने घाबरून थ्रॉटल एकदम पुढे ढकलला, तर विमान पंख्याभोवती स्वतःच गरकन फिरून डावीकडे कलंडते आणि डेकऐवजी समुद्रात जाते. म्हणून नव्या वैमानिकाला पहिला धडा हा, की हात आवर, थ्रॉटल हळूहळू दे आणि उजवा पाय सुकाणूच्या पेडलवर रोवून ठेव. पायाचे स्नायू दुखेपर्यंत हे शिकवले जाई.

तेलाचाही एक प्रश्न असे. वर्तुळाकार इंजिन तेल पिते आणि तेल गाळतेही. स्कायरेडरचे पोट उड्डाणानंतर नेहमी काळपट ओघळांनी माखलेले असे. जादा टाक्या लावून दहा-दहा तास हवेत राहणाऱ्या विमानात इंधन शिल्लक असूनही तेल संपत येण्याची चिंता वैमानिकाला असे. आपल्याकडचे जुने ट्रकवालेही डिझेलच्या काट्यापेक्षा तेलाच्या दाबाकडे जास्त बघत, त्यातलाच हा प्रकार.

मुरगावकर

इंजिनघर, आपल्या या 3350 ला भेटायचे असेल तर गोव्याला या. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात बाहेर मोकळ्यावर जे भले मोठे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे, त्याला चार इंजिने याच घराण्यातली आहेत. ते विमान आधी एअर इंडियाकडे होते. पुढे ते हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे आले. अर्थात त्यावरचा प्रकार वेगळा आहे. तिथे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चाके फिरवून ती ताकद पुन्हा मुख्य दांड्याला देतात, आणि तशी सोय स्कायरेडरच्या इंजिनात नव्हती. पण सिलिंडरांचा घेरा बघून आकाराचा अंदाज नक्की येतो. मी मुलाला घेऊन गेलो होतो, तो त्याखाली उभा राहून सिलिंडर मोजायचा प्रयत्न करत होता आणि मागची ओळ दिसेना म्हणून चिडत होता.

तिथेच ब्रेगे अलिझे हे विमानही आहे, आणि या धाग्यात त्याची आठवण काढणे अप्रस्तुत होणार नाही, कारण पंख्यावर चालणारे नौदलाचे लढाऊ विमान म्हणून आपला अनुभव त्याच्याशी जोडलेला आहे. फ्रेंच बनावटीचे, तिघांचे, रोल्स-रॉइस डार्ट टर्बोप्रॉप इंजिनाचे हे विमान मुख्यतः पाणबुड्या शोधण्यासाठी होते. 310 क्रमांकाचे ‘कोब्रा’ पथक मार्च 1961 मध्ये फ्रान्समध्येच उभे राहिले आणि विक्रांतवर आले. 1971 च्या डिसेंबरमध्ये विक्रांतवरच्या सी हॉक जेट विमानांबरोबर अलिझेंनीही पूर्व पाकिस्तानच्या बंदरांवर हल्ले केले. सी हॉक दिवसा आणि अलिझे बहुतेक रात्री अशी ती वाटणी होती. हवेत जास्त वेळ राहणारे आणि पोटाखाली रडार असलेले विमान रात्री बंदराच्या तोंडाशी घिरट्या घालू शकते. दर्यावर्दी ज्याला वेळ म्हणतात तो हाच असावा.

शब्दवेल्हाळ

एक बाळबोध शंका. काही ठिकाणी याच विमानाला एडी म्हटले आहे, काही ठिकाणी ए-1, आणि कुठे ‘स्पॅड’. ही तीन विमाने आहेत की एक?

दर्यावर्दी

एकच. नौदलाच्या जुन्या पद्धतीत ए म्हणजे हल्ला विमान आणि डी म्हणजे डग्लस, म्हणून एडी-1 ते एडी-7. त्या काळी बिनतारी यंत्रावर ही अक्षरे ‘एबल’ आणि ‘डॉग’ अशी उच्चारत, त्यावरून वैमानिक त्याला एबल डॉग म्हणत. 1962 मध्ये अमेरिकेतल्या सर्व सैन्यदलांनी विमानांच्या नावांची पद्धत एकच केली आणि एडीचे ए-1 झाले. एडी-6 ते ए-1एच, एडी-5 ते ए-1ई. स्पॅड हे लाडाचे नाव पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच विमानावरून पडले, म्हणजे जेटवाल्यांनी काढलेली खोड आणि पंखेवाल्यांनी मिरवलेला बिल्ला.

आता कोरियाबद्दल लिहितो, कारण माझ्या म्हणण्याची खरी कसोटी तिथेच लागली. 3 जुलै 1950 रोजी व्हॅली फोर्ज नौकेवरून गेलेल्या स्कायरेडरांनी प्योंगयांगच्या विमानतळावर हल्ला केला. युद्धात त्यांचा तो पहिला. नौकेवरची पँथर जेट विमाने वेगवान होती, पण त्यांची इंधनाची भूक मोठी आणि शस्त्रांचा भार माफक, त्यामुळे पूल, बोगदे आणि रेल्वेमार्ग मोडण्याचे मेहनतीचे काम स्कायरेडर आणि जुन्या कॉर्सेअर विमानांच्या गळ्यात पडले.

त्यातला ह्वाचोन धरणाचा प्रसंग विस्ताराने सांगण्याजोगा आहे. धरण शत्रूच्या ताब्यात होते. त्याची दारे बंद ठेवली की खालच्या पुखान नदीचे पात्र उथळ होऊन शत्रूला सहज ओलांडता येई, आणि संयुक्त राष्ट्रांचे सैन्य पुढे सरकू लागले की दारे उघडून त्याच नदीला पूर आणता येई. भूदलाचा धरण घेण्याचा प्रयत्न फसला. 30 एप्रिल 1951 रोजी प्रिन्सटन नौकेवरच्या स्कायरेडरांनी 2,000 पौंडांचे बॉम्ब आणि मोठी रॉकेट वापरून पाहिली. काँक्रीट आणि दारे जागच्या जागी. तेव्हा कोणाला तरी नौकेच्या कोठारात दुसऱ्या महायुद्धापासून पडून असलेल्या मार्क 13 टॉर्पेडोंची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी, 1 मे रोजी, आठ स्कायरेडर प्रत्येकी एक टॉर्पेडो घेऊन निघाले. डोंगरांच्या कुशीतल्या त्या जलाशयावर उतरायला वाट इतकी अरुंद होती, की एका वेळी दोनच विमाने जाऊ शकत. त्यात टॉर्पेडो टाकताना वेग आणि उंची काटेकोर सांभाळावी लागते, नाहीतर तो पाण्यावर आपटून भरकटतो. तरीही बहुतेक टॉर्पेडो सरळ जाऊन दारांवर फुटले आणि जलाशयाचे पाणी मोकळे झाले. व्हीए-195 या पथकाला तेव्हापासून ‘डॅमबस्टर्स’ हे नाव चिकटले ते कायमचेच. अमेरिकी नौदलाने विमानातून पृष्ठभागावरच्या लक्ष्यावर टॉर्पेडो वापरण्याची ती शेवटची वेळ ठरली.

यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की सहा वर्षे कोणी न वापरलेले शस्त्र रातोरात टांगण्यासाठी विमानात काहीही बदलावे लागले नाही. बॉम्बकक्ष ठेवला असता तर त्याच्या मापाने शस्त्रे निवडावी लागली असती. इथे पोट उघडे होते, जे मिळेल ते अडकवा. याच पथकाने 1952 मध्ये प्योंगयांगवर स्वयंपाकघरातले एक सिंकही बॉम्बला बांधून टाकले, कारण ‘सिंक सोडून सगळे टाकले’ असा बोलण्याचा प्रघात त्यांच्याकडे आहे. 1965 मध्ये मिडवे नौकेवरच्या दुसऱ्या एका पथकाने त्यावर कडी करून संडासाचे भांडे टाकले. फौजी विनोद कुठलाही असो, पातळी तीच.

खडूस_वाचक

धरणाची गोष्ट उत्तम सांगितलीत. पण मूळ आक्षेपाला उत्तर मिळाले असे मला वाटत नाही. कोरियात नौदलाच्या विमानांवर मिग फारशी चालून आली नाहीत, दक्षिण व्हिएतनामच्या आकाशात तर शत्रूचे विमान नव्हतेच. मालक घरी नसताना अंगणात कितीही वेळ थांबता येते. 20 जून 1965 रोजी मिडवेवरच्या व्हीए-25 पथकातल्या दोन स्कायरेडरांनी मिळून एक मिग-17 पाडले आणि 9 ऑक्टोबर 1966 रोजी इंट्रेपिडवरच्या एका वैमानिकाने आणखी एक पाडले, हे मला ठाऊक आहे. ही उदाहरणे कोणीतरी देईलच म्हणून मीच देतो. दोन्ही वेळी मिगचा वैमानिक खाली उतरून संथ विमानाशी वळणांच्या खेळात सापडला. तो वर राहून फटके मारत राहिला असता तर निकाल वेगळा लागला असता.

याची दुसरी बाजू मुरगावकरांच्या अलिझेनेच दाखवली आहे. 10 डिसेंबर 1971 रोजी अरबी समुद्रावर आपले एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटर जेटच्या तडाख्यात सापडले आणि तिघेही परतले नाहीत. तिथे पंख्याच्या विमानाला वळणे घेऊन सुटता आले नाही. आणि व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने सगळ्या कारणांनी मिळून 266 स्कायरेडर गमावली, हवाई दलाची 201 आणि नौदलाची 65. विमानभेदी तोफा वाढत गेल्या तशी ही संथ विमाने उत्तर व्हिएतनामवर पाठवणे नौदलाने कमी करत आणले, यातच सर्व आले.

सुभेदार_निवृत्त

मी वैमानिक नाही, आयुष्य पायदळात गेले. खडूस_वाचक साहेबांचा मुद्दा बरोबर आहे, पण तो वरून पाहणाऱ्याचा आहे. खाली जमिनीवर अडकलेल्या माणसाला आकाशात जे येते ते किती वेगाने आले यापेक्षा ते किती वेळ राहिले याचे मोल असते. एका फेरीत दोन बॉम्ब टाकून इंधन संपले म्हणून परत फिरणारे विमान गेले, की झाडीतला शत्रू पुन्हा डोके वर काढतो. त्याला डोके खाली ठेवायला लावणारा आवाज सतत डोक्यावर हवा.

व्हिएतनाममध्ये अमेरिकी हवाई दलाने नौदलाकडून हे विमान घेतले ते यासाठीच. पाडल्या गेलेल्या वैमानिकांना उचलणाऱ्या ‘जॉली ग्रीन’ हेलिकॉप्टरांना सोबत देणाऱ्या स्कायरेडरांचे हाकेचे नाव ‘सँडी’ असे होते. हेलिकॉप्टरच्या चालीने चालता येईल इतके संथ, तोफांचे घाव सोसेल इतके चिवट, आणि शोध लागेपर्यंत तासन्‌तास घिरट्या घालेल असे दुसरे विमान त्यांच्याकडे नव्हते. नोव्हेंबर 1970 मध्ये हनोईजवळच्या सोन ताय कैदखान्यावरच्या छाप्यातही पाच ए-1ई होती.

मेजर बर्नार्ड फिशर यांची हकिगत तर प्रत्येकाने वाचावी. 10 मार्च 1966 रोजी आ शाउ खोऱ्यातली छावणी वेढली गेली होती आणि ढग डोंगरमाथ्यांवर टेकले होते. मेजर मायर्स यांच्या विमानाला गोळे लागले, ते पोटावर छावणीच्या धावपट्टीवर घसरले आणि मायर्स बाजूच्या बांधाआड लपले. हेलिकॉप्टर पोहोचायला अवकाश होता. फिशर यांनी सहकाऱ्यांना मारा चालू ठेवायला सांगून, पत्रे आणि मोडतोड पसरलेल्या त्या आखूड पट्टीवर आपले विमान उतरवले, मायर्स यांना पंखावरून ओढून आत घेतले आणि पुन्हा उड्डाण केले. नंतर विमानावर गोळ्यांची 19 भोके मोजली. त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले आणि ते विमान आज ओहायोतल्या डेटनच्या संग्रहालयात आहे.

मला यातले तांत्रिक कळत नाही, पण एक विचारतो. एकाच माणसाचे विमान म्हणता, मग मायर्स बसले कुठे?

दर्यावर्दी

सुभेदारसाहेब, नेमका प्रश्न विचारलात. फिशर यांचे विमान ए-1ई होते, म्हणजे जुने एडी-5. पाणबुड्या शोधण्याचे आणि त्यांवर हल्ला करण्याचे काम एकाच विमानाने करावे म्हणून त्या प्रकाराचे धड रुंद करून दोन आसने शेजारी-शेजारी बसवली होती, आणि मागेही माणसे किंवा सामान नेण्याची जागा केली होती. म्हणजे पाणबुड्यांसाठी केलेली रुंदी दहा-पंधरा वर्षांनी डोंगरातल्या एका माणसाचा जीव वाचवण्याच्या कामी आली. एकाच आसनाचे ए-1एच असते तर फिशर उतरूनही काही करू शकले नसते.

खडूस_वाचक, तुमच्या आक्षेपापुरते मी माझे विधान सुधारून घेतो. वेळ हा गुण आकाश मोकळे असेल तरच कामाचा, हे खरे. पण नौदलाने 1944 मध्ये मागितले होते जहाजे बुडवणारे आणि किनाऱ्यावर बॉम्ब टाकणारे विमान. आकाश मोकळे ठेवणे हे त्याच डेकवरच्या लढाऊ विमानांचे काम होते. शेताची राखण ज्याची त्याने करावी, नांगराला त्याचा दोष देऊ नये. नौदलाने उत्तरेवरून ते हळूहळू मागे घेतले आणि 1968 मध्ये सोडले, हेही बरोबर. त्याची जागा ज्यांनी घेतली त्यांतले स्कायहॉक जेट याच हाइनमन यांचे होते आणि त्यातही तोच वजनाचा हट्ट होता.

पश्चिमवारा

उशिरा आलो, पण ब्रिटिशांची बाजू राहून गेली आहे. त्यांनी पन्नासेक स्कायरेडर घेतली ती हल्ल्यासाठी नव्हेतच. पोटाखाली हंड्याएवढे रडार बसवलेला प्रकार घेऊन 849 पथकाने तो शत्रूची विमाने दुरून हेरण्यासाठी वापरला, 1956 च्या सुएझ मोहिमेतही. ती विमाने 1960 च्या सुमारास निवृत्त झाली तेव्हा त्यांची रडार काढून गॅनेट विमानांत घातली, आणि गॅनेट निवृत्त होण्याची वेळ आली तेव्हा तीच रडार शॅकलटन विमानांत गेली, जी 1991 पर्यंत उडत होती. ब्रिटिश काटकसरीला इतका मान मी पूर्वी कधी दिला नव्हता.

हल्ल्यासाठी ब्रिटिशांनी वेस्टलँड वायव्हर्न हे स्वतःचे विमान बनवले होते. त्यात टर्बोप्रॉप इंजिन आणि एकामागे एक उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे होते. इंजिनघर यांनी सांगितलेला पिळवटा त्यामुळे उरत नाही, पण गुंतागुंत किती वाढते पाहा. कागदावर ते स्कायरेडरपेक्षा वेगवान होते. सुएझमध्ये लढले, आणि आघाडीच्या तुकड्यांत पाच वर्षेही पुरी न होता 1958 मध्ये निवृत्त झाले.

फ्रेंचांनी अल्जीरियासाठी जुनी स्कायरेडर विकत घेतली आणि पुढे त्यांतली काही चाड, गॅबॉन, कंबोडिया अशा देशांकडे गेली. तिथे 1970 नंतरही ती उडत होती.

शब्दवेल्हाळ

शेवटची शंका. इतक्या संथ आणि खाली उडणाऱ्या विमानातून वैमानिक उडी मारत कसा? जेटसारखी बाहेर फेकणारी खुर्ची त्यात होती का?

इंजिनघर

बरीच वर्षे नव्हती. काच मागे सरकवायची, पट्टे सोडायचे आणि पंखावरून स्वतः उडी घ्यायची, त्यासाठी पुरेशी उंची हवी. सँडीच्या कामात उंची कधीच नसे. म्हणून व्हिएतनाम काळात ‘यांकी’ नावाची यंत्रणा बसवली. तिच्यात खुर्ची बाहेर जात नसे; हँडल ओढले की काच उडून जाई, मागून एक लहान रॉकेट वर झेपावे आणि त्याला जोडलेल्या दोरीने वैमानिकाला बकोट धरून ओढावे तसे विमानाबाहेर खेचून घेई. जड खुर्ची उडवावी लागत नसल्याने सगळी यंत्रणा हलकी झाली आणि जुन्या विमानाच्या सांगाड्यात बसली. किती पौंड वाचले याचा हिशेब आता दर्यावर्दी करतीलच.

दर्यावर्दी

केला असता, पण ती खुर्ची विमानात कधी नव्हतीच, त्यामुळे वाचवलेले पौंड वजा कशातून करायचे हा प्रश्न आहे.